सहा चौकोन, तीन गोल

"मी आता जे सांगणार आहे त्यावर तुझा विश्वास बसणार नाही," मी विशीला म्हणालो. "कुणाचाच बसणार नाही. माझा स्वतःचा बसायला चार दिवस लागले, आणि मी तर तिथे हजर होतो."

"सांगा तर खरं, काका," ती म्हणाली.

रविवारची दुपार होती. जागा नेहमीचीच, चष्म्याच्या दुकानामागची खोली. एका कोपऱ्यात काचा घासायचं यंत्र, भिंतीला वरून खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, मधे टेबल आणि चार खुर्च्या. पस्तीस वर्षं दर रविवारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही चौघं इथे खेळायला बसत आलो. एक खुर्ची चष्मेवाल्याची, दुकान त्याचंच. एक बाईंची. बाई भूगोल शिकवायच्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी समोर कुणी बसलं की त्यांचा हात अजून खडू शोधतो. तिसरी माझी. मी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. हजारो माणसांना वर नेलं, खाली आणलं, पण माझ्याशी सगळे बोलले ते फक्त मधे अडकल्यावर. चौथी खुर्ची नकाशेबुवाची. तो जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा, म्हणून नकाशेबुवा. त्या दिवशी त्या खुर्चीत त्याची मुलगी बसली होती. नकाशेबुवाला जाऊन दोन आठवडे झाले होते.

विशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सहा वर्षांची असताना बापाच्या मांडीवर बसून तिने आयुष्यातला पहिला फासा टाकला आणि वीस पडले. आमच्या फाशाला वीस बाजू असतात, वीसच्या वर काही नाही. तेव्हापासून ती विशी. आता तिला चाळिशी लागली, वयाची आणि नाकावरचीही. नाकावरची चष्मेवाल्याने करून दिली आणि "विशीला चाळिशी लागली" हा विनोद त्याच्यासोबत फुकट दिला. त्या दिवशी ती आत आल्या आल्या त्याने तो पुन्हा केला. कुणी हसलं नाही. तो स्वतःसुद्धा नाही.

बसल्या बसल्या ती म्हणाली होती, "मला एकच विचारायचंय. त्या गुरुवारी तुम्ही तिघं वर गेला होतात असं वॉचमन सांगतो. बाबांनी दार उघडलं होतं का?"

मग टेबलाकडे बघत, "आणि उघडलं असेल तर... माझ्याबद्दल काही म्हणाले का?"

हा प्रश्न कुठून आला ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. वर्षापूर्वी विशीची आई गेली. नकाशेबुवाने नकाशे काढत स्वतःला घरात कोंडून घ्यायला सुरुवात केली. विशी दुसऱ्या गावाहून त्याला न्यायला आली, तो गेला नाही. पुढे एकदा फोनवर ती भडकली आणि म्हणाली, "मग बसा त्या कागदांत स्वतःला गाडून घेऊन." त्यानंतर पाच महिने बापलेकीत बोलणं नव्हतं. ती वाट बघत होती त्याच्या फोनची, तो तिच्या. त्या गुरुवारनंतर दोन दिवसांनी, शनिवारी कुलूपवाल्याने दार उघडलं तेव्हा डॉक्टर म्हणाला, शुक्रवारी पहाटे गेले, हृदय बंद पडलं, आणि पोटात बरेच दिवस काही नव्हतं.

बाईंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मेवाला उठून चहा टाकायला गेला. म्हणजे उत्तर द्यायचं काम माझ्यावर आलं. येणारच होतं. खेळात गोष्ट मी चालवतो. राजा मी, राक्षस मी, पाऊस मी, दारावरचा पहारेकरीही मीच. थाप मारायची सवय मला खेळाने लावली की थापा मारता येतात म्हणून मला खेळ चालवायला दिला, हे आता कुणाला आठवत नाही.

"काळा फासा कुठंय?" विशीने विचारलं. टेबलावर नवा लाल फासा पडला होता.

"जपून ठेवलाय," मी म्हणालो. "घरी, कपाटात. इतका जुना झाला की आता तो खेळायचा नाही, बघायचा."

तिने मान हलवली. बापाची जुनी पेन्सिल पर्समधून काढली, आलेखाचा कागद पुढे ओढला आणि वर सहा चौकोन काढले, खाली तीन गोल. नकाशेबुवा काढायचा अगदी तसेच, पट्टी न लावता सरळ.

"हे कशाला?" मी विचारलं.

"बाबा लिहून ठेवायचे ना. तुम्ही सांगा."

इथे मला चौकोन आणि गोल काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या खेळात तलवारी आहेत, राक्षस आहेत, सगळं आहे. पण लढाई चालवण्यात मला कधी राम वाटला नाही. लढाई कुणीही चालवेल; याने मारलं, त्याने मारलं, ज्याचं रक्त आधी संपलं तो मेला. खरी मजा तलवार म्यानात ठेवून करायच्या कामात. पूर आलेली नदी ओलांडायची. रुसलेल्या राजाला जेवायला बसवायचं. आतून कडी लावलेलं दार उघडवायचं. त्यासाठी मी एक रीत बसवली होती. प्रत्येकाने आपल्या पाळीला आपण नेमकं काय करतो ते सांगायचं. नुसतं "मी त्याला पटवतो" असं चालत नाही. काय बोलून पटवतोस, ते बोल. एकदा वापरलेली युक्ती पुन्हा वापरायची नाही. मग फासा टाकायचा. बारा किंवा वर पडलं तर जमलं, एक चौकोन भरायचा. खाली पडलं तर फसलं, एक गोल भरायचा. वीस पडलं तर दोन चौकोन. सहा चौकोन आधी भरले तर तुम्ही पार. तीन गोल आधी भरले तर संपलं.

फसण्याबद्दल माझं एक म्हणणं होतं आणि ते मी सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडायचो. फसलं म्हणजे 'काही झालं नाही' असं कधी होऊ द्यायचं नाही. फसलं की काहीतरी घडलंच पाहिजे. दोर तुटला, पहारेकरी जागा झाला, राजा आणखी रुसला. काहीच न घडणं एवढी एकच गोष्ट मी माझ्या खेळात कधी येऊ दिली नाही.

आणखी दोन नियम. फासा पटाबाहेर गेला तर तो फसला; त्याचा आकडा बघायचासुद्धा नाही, डोळे मिटून उचलायचा. आणि तिसरा गोल भरला की मी पट उचलतो. चौथी संधी नाही. विशी नऊ वर्षांची असताना खेळातला तिचा पूल तिसऱ्या गोलावर कोसळला होता. दोन दिवस रडली. तिच्या बापाने माझ्या घरी येऊन हात जोडले, "लिफ्ट्या, एक फासा टाकू दे तिला. पोर जेवत नाही रे." मी दिला नाही. एकाला दिला की तो खेळ राहत नाही, असं मी त्याला ऐकवलं. मोठ्या दिमाखात ऐकवलं.

तर मी सांगायला लागलो.

"गुरुवारी दुपारी बारा वाजता आम्ही तिघं चौथ्या मजल्यावर त्याच्या दारासमोर उभे. तो तीन रविवार आला नव्हता. फोन उचलत नव्हता. बाईंनी बेल वाजवली, चष्मेवाल्याने दार बडवलं, मी शिव्या दिल्या."

"कोणत्या?" विशी म्हणाली.

"बाई बसल्यात."

"मला सगळ्या पाठ आहेत," बाई म्हणाल्या.

"आतून एकदाच आवाज आला, 'जा.' बस. आता दुसरी माणसं अशा वेळी काय करतात? कुलूपवाल्याला बोलावतात, शेजारी गोळा करतात, दाराला खांदा लावतात. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि मी पिशवीतून पट काढला. हसू नकोस."

"हसत नाहीये."

खरंच हसत नव्हती ती.

"पस्तीस वर्षं आम्ही बंद दारं अशीच उघडत आलो ना. आम्हाला दुसरं काही येतच नाही. फरशीवर पट मांडला, आम्ही तिघं भोवती बसलो. बाईंचे गुडघे असे वाजले की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं."

"खोटं," बाई म्हणाल्या. "कुत्रं आधीपासून भुंकत होतं."

आमचा पट म्हणजे भंगारात निघालेल्या लिफ्टची फळी. फासा सांडू नये म्हणून मी तिला चारही बाजूंनी पट्ट्या ठोकल्या होत्या. नकाशे काढताना कोपर टेकायला अडचण होते म्हणून नकाशेबुवाने त्याच्या बाजूची पट्टी करवतीने कापून टाकली. तेव्हा मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नव्हतो. त्या दिवशी फरशीवर पट मांडताना कापलेली बाजू दाराकडे ठेवली. ठरवून नव्हे. ती त्याची बाजू, तो तिकडे होता.

"पहिली पाळी बाईंची," मी सांगत गेलो. "बाई दाराला म्हणाल्या, 'हजेरी घेते आहे.' आणि एकेकाचं नाव घ्यायला लागल्या. चष्मेवाला, 'हजर.' मी, 'हजर बाई.' मग तुझ्या बापाचं नाव घेतलं आणि थांबल्या. शाळेत थांबतात तशा, वर न बघता. फासा टाकला. सोळा."

विशीने एक चौकोन भरला.

"आत खुर्ची सरकली. आम्ही तिघांनीही ऐकली. पुढे चष्मेवाला. दाराला जे बाहेरचं बघायचं भिंग असतं ना, त्यातून बाहेरून आत काही दिसत नाही. याने खिशातून एक काच काढली, दुसरी काढली, तिसरी तिच्यावर धरली, आणि असा काही डोळा लावला की उलट दिसायला लागलं. चौदा पडलं. काय दिसलं ते तूच सांग रे."

चष्मेवाला चहाचे कप घेऊन आला होता. त्याने कप ठेवले. एक कप सरळ केला, दुसरा सरळ केला.

"पाठ दिसली," तो म्हणाला. "टेबलाशी बसला होता. पाठमोरा."

"काढत काय होता, तेही दिसलं याला. याच्या काचा म्हणजे... त्यातून माणसाचा पुढचा आठवडा दिसतो."

"पाठ दिसली," चष्मेवाला पुन्हा म्हणाला आणि खाली बसला.

दुसरा चौकोन भरला गेला.

"मग माझी पाळी. मला वाटलं, इमारतीत फार आवाज आहे, लिफ्ट घरघरते आहे, त्याला आपलं बोलणं नीट ऐकू जात नाही. तर मी गच्चीवर गेलो, लिफ्टच्या मशीनखोलीत शिरलो आणि लिफ्ट बंद केली. पाच पडलं. फसलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे दोन पिशव्या घेतलेली एक बाई अडकली. तिने माझ्या सात पिढ्यांची अशी नोंद घेतली की तुझ्या बापाच्या कचेरीतसुद्धा एवढं जुनं दप्तर नसेल. शांतता करायला गेलो आणि सगळी इमारत जिन्यात जमा झाली. वीस मिनिटं गेली तिला खाली आणण्यात."

बाई हसल्या. मग हसल्याबद्दल ओशाळल्या. विशीने एक गोल भरला. पेन्सिल बारकाईने गोल गोल फिरवत, रेघेबाहेर जाऊ न देता.

"पुन्हा बाईंची पाळी. हजेरी झाली होती, ती परत चालणार नाही. बाईंनी काय केलं असेल? दाराला तोंड लावून आपला जुना नकाशा सांगायला सुरुवात केली. आपल्या खेळातलं राज्य, तुझ्या बापाने काढलेलं. 'किल्ल्याच्या पश्चिमेला नदी,' बाई म्हणाल्या. भूगोलाच्या बाई, आणि धडधडीत चुकीचं सांगतायत! अठरा पडलं. आणि आतून आवाज आला."

विशीची पेन्सिल थांबली. "काय?"

"'पूर्वेला.'"

"आवाज कसा होता?"

हा प्रश्न माझ्या गोष्टीत नव्हता. मी बाईंकडे पाहिलं.

"बारीक," बाई म्हणाल्या. "पण चिडका. चूक दुरुस्त करताना तो चिडायचा तसा. त्याचाच होता गं आवाज, विशी. हे खरं आहे."

'हे खरं आहे' असं त्या उगाच म्हणाल्या. गोष्ट रंगत असताना असं कुणी म्हणतं का? बाकीचं काय आहे मग, असं ऐकणाऱ्याच्या मनात येतं. पण विशीने काही विचारलं नाही. तिसरा चौकोन भरला. तो भरायला तिला बराच वेळ लागला.

"आम्हाला चेव चढला," मी घाईने पुढे गेलो. "चष्मेवाल्याची पाळी. हा म्हणाला, 'बुवा, पूर्वेची रेघ तुला आता दिसते तरी का? तुझा नंबर वाढलाय. दार उघड, डोळे तपासतो.' तीन पडलं."

"मला वाटलं, तो चिडेल आणि उघडेल," चष्मेवाला कपाला म्हणाला. "चिडून पूर्वेला म्हणाला होता ना. मला वाटलं, अजून थोडा चिडवला की..."

"फसलं. आत पावलं वाजली, दारापर्यंत आली. आणि त्याने वरचीही कडी लावली. खट्. पावलं परत गेली."

दुसरा गोल. खोलीत नुसता पेन्सिलीचा आवाज. बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होतं.

मी घोटभर चहा प्यायलो. इथवर सांगणं सोपं होतं. आता पुढचं.

"तीन चौकोन, दोन गोल," विशी म्हणाली. "पाळी तुमची."

"माझी. युक्त्या संपल्या होत्या. मी दाराशी गेलो, फरशीवर टेकलो. दाराखाली बोटभर फट आहे ना, तिथे तोंड नेलं आणि तुझं नाव घेतलं."

तिने कागदावरून मान वर केली.

"म्हटलं, 'बुवा, विशीचा फोन आला होता. रडत होती. रविवारी येते म्हणाली.'"

"मी फोन केला नव्हता."

"माहितेय. पण खेळात चालतं ते, बोललेलं दाराला पटलं पाहिजे एवढंच. मी फासा हातात घेतला, काळा, आपला जुना. टाकला. आता बघ काय झालं ते, विश्वास नाही बसणार. फासा पटावर पडला, एकदा उसळला, कापलेल्या बाजूने घरंगळला आणि सरळ दाराखालच्या फटीतून आत!"

मी टाळी वाजवली. एकटीच वाजली.

"आत गेला," विशी म्हणाली.

"आत गेला. आम्ही तिघं तोंडाकडे तोंड बघतोय. एक मिनिट, दोन मिनिटं. आणि मग पावलं आली. खाली वाकल्याचा आवाज, गुडघे मोडल्याचा. आणि फटीतून हळूहळू काय बाहेर आलं असेल? पट्टी. तुझ्या बापाची लाकडी फूटपट्टी, पितळी कडेची. पट्टीच्या टोकाने त्याने फासा बाहेर ढकलला, जरासुद्धा न हलवता, न उलटवता. सबंध आयुष्य रेघा ओढलेला हात तो. आणि फाशावर वीस!"

चष्मेवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"वीस म्हणजे दोन चौकोन. पाच झाले. आणि आतून तो म्हणतो, 'लिफ्ट्या, सहावा माझा.' आणि कडी काढली. आधी वरची, मग खालची. दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, पण उभा होता आपल्या पायावर. म्हणाला, 'आत या, उभे काय? पाहुणे आहात?' आम्ही आत बसलो. त्याने स्वतः चहा केला. चार कप."

"साखर फार घातली होती," चष्मेवाला म्हणाला.

त्याचा आवाज फाटला होता, पण त्याने मदत केली, हे मी विसरणार नाही. बाई खिडकीकडे बघत होत्या.

"बिस्किटं खाल्ली त्याने. दोन. नाही, तीन. आणि मग टेबलावरचा कागद दाखवला. तुला वाटलं ना तो कागदांत गाडून घेऊन बसलाय? तुझ्या गावचा नकाशा होता तो, विशी. स्टेशनपासून तुझ्या दारापर्यंत. प्रत्येक दुकान, प्रत्येक वळण. एकदाच आला होता ना तुझ्याकडे, तेवढ्यावरून आठवून काढत होता. म्हणाला, 'सगळी वाट जमली, शेवटची एक गल्ली डावीकडे वळते की उजवीकडे ते आठवत नाही. तेवढं विचारायला पोरीला फोन करीन म्हणतो. रविवारी.' मी म्हटलं, आत्ता कर ना! तर म्हणतो, 'आत्ता नको, आत्ता मला रडू येईल. रविवारी करतो.' आणि तुझ्यावर राग? छे. म्हणाला, 'पोरगी खरं बोलली होती. खरं बोलणारं घरात आता तेवढं एकच माणूस उरलंय.' असं म्हणाला. याच शब्दांत. आम्ही निघालो तेव्हा दारात उभा राहून हात हलवत होता. म्हणून शुक्रवारी आम्ही कुणी गेलो नाही बघ. रविवारी येतोच म्हणाला होता ना. तो निजला तो समाधानाने निजला, विशी. तुझं नाव तोंडात घेऊन."

झालं. आयुष्यात इतकी चांगली थाप मी मारलेली नाही. कुठे सांधा दिसत नव्हता. मी खुर्चीला पाठ टेकली. क्षणभर मलाच वाटलं, असंच घडलं असेल. तो चहा मी प्यायलो असेन.

विशीने पेन्सिल खाली ठेवली. कागद तिने माझ्या बाजूला फिरवला. वर तीन चौकोन भरलेले, तीन कोरे. खाली तिसरा गोल काळाभोर झाला होता. तो तिने कधी भरला ते मी पाहिलंच नव्हतं. मी टाळ्या वाजवत होतो.

"विशी, वीस पडले होते ना गं, दोन चौकोन..."

तिने पर्समधून रुमाल काढला. रुमालाची गाठ सोडली आणि काळा फासा टेबलावर ठेवला. वरून हात तसाच ठेवला, आकडा दिसणार नाही असा.

"हा तुमच्या कपाटात नाहीये, काका. तेराव्यानंतर मी घर आवरायला गेले तेव्हा दाराच्या आत, चपलांच्या मांडणीखाली पडला होता. वर धूळ बसली होती. याला कुणी हात लावला नव्हता. मी डोळे मिटून उचललाय, पटाबाहेरचा आकडा बघायचा नसतो."

"ऐक तर..."

"पटाबाहेर गेलेला फासा फसला. नियम तुमचाच. हा तिसरा. माझ्या नावाने टाकलेला." तिचा आवाज चढला नाही. नऊ वर्षांची असताना रडली होती, आता रडत नव्हती, एवढाच फरक. "आणि तिसऱ्यानंतर तुम्ही पट उचलता. मला तुम्ही एक फासा जास्त टाकू दिला नव्हता, बाबांनी हात जोडले तरी. त्या गुरुवारीही फासा आत गेल्यावर आतून काही आवाज आला नाही, काहीच घडलं नाही, आणि तुम्ही पट उचललात, पिशवीत घातलात आणि तिघं जिना उतरून घरी गेलात. खोटं बोलताय तुम्ही, काका."